पाटी बघून घेतलेला प्रोग्राम

लोणावळ्याच्या बाजारात आमच्या चिक्कीच्या दुकानासारखीच पाटी आणखी दोघांनी लावली आहे. अक्षर तेच, रंगही तोच. त्यामुळे अब्बांचं अर्धं आयुष्य पर्यटकांना एकच गोष्ट सांगण्यात गेलं, "पाटी काय बघता, चाखून बघा!" तळहातावर तुकडा ठेवल्याशिवाय ते कुणाला पुडा देत नाहीत. कुरियरनं चिक्की मागवणारी जुनी गिऱ्हाइकं तर त्यांचा जीव की प्राण. त्यांचे नंबर, त्यांना जाणारे मेसेज, सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरवर.

तो म्हातारा कॉम्प्युटर धापा टाकू लागला तेव्हा मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही हलकी, मोफत प्रणाली घातली आणि बजावलं, "काही प्रोग्राम हवा असला तर ह्याच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्या. तिथला माल तपासलेला असतो." अब्बांनी मान डोलावली. ती ते नेहमीच डोलावतात.

पुड्यांची लेबलं करायला भांडारातला प्रोग्राम त्यांना फिका वाटला. म्हणून इंटरनेटवर एक नावाजलेला प्रोग्राम शोधला. नाव तेच, चित्र तेच, वर 'अस्सल आणि मोफत'. साइट म्हणाली ही ओळ टर्मिनलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायच्या काळ्या चौकटीत, चिकटवा, यांनी चिकटवली. पासवर्ड मागितला, तोही दिला. लेबलं मात्र झकास निघाली.

त्याच आठवड्यात कुसगावच्या एक मावशी दुकानाच्या दारात येऊन थबकल्या.

"भाऊ, दुकान हलवलं म्हणून तुमचा मेसेज आला. पैसं नव्या नंबरावर टाका म्हणं. दुकान तर हितंच हाय की!"

अब्बांनी मला हाक मारली. लेबलांच्या प्रोग्रामसोबत चोर आत शिरला होता आणि आमच्या नावानं सगळ्यांना मेसेज धाडत होता. मी इंटरनेटची वायर उपटली, माझ्या फोनवरून पासवर्ड बदलले, कॉम्प्युटर पुसून लिनक्स पुन्हा घातलं. आणि ओरडलेसुद्धा, "जगाला चाखायला लावता, आणि स्वतः पाटी बघून घेतलंत?" मला फार वाईट वाटलं.

मग ते एकेका गिऱ्हाइकाला फोन करत बसले. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेसेजही तुमच्याच नावानं आला होता. आता बोलताय ते तुम्हीच, हे मी कशावरून मानू?"

अब्बांनी सवयीनं बरणीतून तुकडा काढला, हात पुढे केला, आणि फोनकडे बघत तसेच बसून राहिले.