प्लग बदलायला एक तास

पनवेलजवळच्या विचुंब्यात आमची इमारत जिथे उभी आहे, तिथे आधी भामाताईंचं घर होतं. बिल्डरने ते पाडून पाच मजले चढवले, त्यांना तळमजल्यावर दोन खोल्या दिल्या आणि मागची मोकळी जागा दाखवून म्हणाला, काकी, अंगण तुमचंच. त्यांचे यजमान शिवा तेव्हा होते. दोघांनी सह्या केल्या. खोल्या किती फुटांच्या, नळ किती, गच्चीवर हक्क कुणाचा, सगळं कागदावर आलं. अंगण आलं नाही. ते लिहून घ्यायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्या गावात शेताला सातबारा असतो, अंगणाला काही नसतं. घर आहे म्हणजे अंगण आहेच.

आम्ही डोंबिवलीचा फ्लॅट विकून इथे आलो. मी प्रभाकर, सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं टिपणं लिहून निवृत्त झालेला. असा माणूस सोसायटीला आयता सापडला की त्याला सेक्रेटरी करतात. मलाही ते हवंच होतं. निवृत्तीनंतर आपल्या सहीला कुणी विचारत नाही याचं दुःख मला जरा जास्तच झालं होतं.

भामाताईंची ओळख मला आधी कानांनी झाली. पहाटे तीनला मागच्या जागेत त्यांची पिकअप सुरू व्हायची. शिवा गेल्यावर लोकांना वाटलं गाडी विकतील; त्या गाडी चालवायला शिकल्या. तेव्हा त्यांचं वय होतं अठ्ठेचाळीस. पहाटे उरणजवळच्या करंज्याच्या बंदरावर जायचं, सात-आठ कोळणींच्या पाट्या आणि बर्फ भरायचा, माल पनवेलच्या बाजारात उतरवायचा आणि साडेसात-पावणेआठला घरी. एकही खाडा नाही. बाजारातल्या बायका त्यांच्या भरवशावर होत्या, आणि तो भरवसा हीच त्यांची कमाई होती.

गाडी सीएनजीवरची. सीएनजीच्या गाडीचे स्पार्क प्लग लवकर झिजतात. वर्षातून दोनदा तरी भामाताई ते स्वतः बदलायच्या. एकदा मी दुपारी गॅलरीतून पाहिलं आणि पाहतच राहिलो. पदर खोचलेला, सीट उलटून टाकलेली, खाली इंजिन. आधी त्या इंजिनावर हात ठेवायच्या, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. थंड वाटलं तरच पाना हातात. मग फुंकर मारून धूळ उडवायची, एक प्लग काढायचा, त्याचा रंग बघायचा, त्याच्या जागी नवा बसवायचा, मगच दुसऱ्याला हात. नवा प्लग थेट पान्याने आवळायचा नाही. त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून बोटांनी फिरवत आत सोडायचा. आटे वाकडे लागले तर नळी हातात नुसती घसरते, आटे शाबूत राहतात. ही शिवाची शिकवण. गॅरेजवाला दाणकन पाना लावतो म्हणून गॅरेजात त्या जायच्या नाहीत.

मला कौतुक वाटलं. ते मी कुणाजवळ बोललो नाही.

तक्रारी यायच्या त्या येतच होत्या. मासळीचा वास, पहाटेचा आवाज, फरशीवर काळे डाग. चेअरमन विश्वजीत हा माहिती तंत्रज्ञान कंपनीतला तरणाताठा माणूस. त्याने व्हॉट्सअॅपवर सीट उलटलेल्या गाडीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की ही सोसायटी आहे, गॅरेज नाही. बेचाळीस अंगठे वर आले. त्यातला एक माझा होता.

बैठक बोलावली. विश्वजीतने अगदी गोड भाषेत सांगितलं की मागची जागा सर्वांची आहे, गाडी ठेवायला तूर्त हरकत नाही, पण दुरुस्ती फक्त रविवारी, सकाळी आठ ते नऊ, सेक्रेटरींच्या देखरेखीखाली. दुपारी लोक झोपतात. भामाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना बसा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

"अंगन माजं हाय," त्या म्हणाल्या.

कागद दाखवा, असं विश्वजीत म्हणाला.

"अंगन कुनी लिवून घेतंय का?"

हशा पिकला. तो थांबेपर्यंत त्या थांबल्या. मग माझ्याकडे वळून, कारण वही माझ्या हातात होती, सावकाश म्हणाल्या, "भाऊ, रविवारी पन मी पावनेआठला येते. गाडी तापलेली असते. तापल्या इंजिनातून प्लग काढायचा नाय, आटे संगती निघून येतात. तीन तास तरी थंड व्हायला लागतात. मना दुपार द्या."

हे मी ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. विश्वजीत घड्याळ बघत होता, कुणाला तरी मुलीला क्लासला सोडायचं होतं. मी इतिवृत्तात लिहिलं : 'सदर वेळेस श्रीमती भामाबाई यांनी सहमती दर्शविली.' तेहतीस वर्षांत कोणतं वाक्य लिहायचं आणि कोणतं गाळायचं हे माझ्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की पेन अडखळलंसुद्धा नाही.

पहिल्या रविवारी आठला मी खुर्ची टाकून बसलो. भामाताई नुकत्याच आल्या होत्या. सीट उलटली, इंजिनावर हात ठेवला आणि तो झटकन मागे घेतला. मग पायरीवर बसून राहिल्या. साडेआठला पुन्हा हात ठेवला, पुन्हा बसल्या. नऊ वाजले. मी वेळ झाल्याचं सांगितलं. त्यांनी सीट खाली पाडली आणि घरात गेल्या.

दुसऱ्या रविवारीही तेच. गाडी आता आचके देत होती, मागच्या जागेत शिरताना तिचं खोकणं मलाही ऐकू यायचं. माझी बायको नीता म्हणाली, अहो, द्या ना त्यांना दुपारी दोन तास, कोणाचं काय जातंय? मी म्हणालो की नियम एकासाठी वाकवला की सगळ्यांसाठी वाकवावा लागतो. खरं सांगायचं तर मला रविवारची ती खुर्ची आवडू लागली होती.

तिसऱ्या रविवारी मीच पुढे होऊन सांगितलं, "भामाताई, परवानगी घ्यायची आणि वापरायची नाही, हे बरं दिसत नाही. आज झालं नाही तर मला ती रद्द करावी लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी गाडी चढावर बंद पडली होती, पाट्या उशिरा पोचल्या होत्या आणि बायका कुरकुरल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की त्यांनी घरातून प्लगचा पाना आणला, हाताला फडकं गुंडाळलं आणि कामाला लागल्या.

पहिला प्लग निघाला. दुसरा निघाला. दोन्ही जागी नवे बसले, नळीने, सावकाश, एरवीसारखेच. तिसरा हलेना. त्यांनी पाना सोडला, कपाळ पुसलं, माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. नऊला दहा मिनिटं कमी होती. थांबा म्हणायला एक शब्द लागला असता.

तिसरा प्लग निघाला तेव्हा त्याच्या अंगावर चकचकीत धातूची तार गुंडाळलेली होती. इंजिनाच्या हेडमधले आटेच सोलून बाहेर आले होते. भामाताईंनी तो तळहातावर धरला आणि माझ्यासमोर आणला.

"लिवा," त्या म्हणाल्या. "आता ह्ये तरी लिवा."

मी लिहिलं नाही. 'दुरुस्तीचे काम वेळेत आटोपले' एवढं लिहिलं, आणि खाली सही केली.

गाडी ओढून गॅरेजात न्यावी लागली, त्यांना जिथे जायचं नव्हतं तिथेच. मेकॅनिकने त्या भोकात नव्या आट्यांचा बुश ठोकून दिला. आठवड्याच्या आत, बंदरावरून परतताना, गव्हाण फाट्यावर तो प्लगसकट उडाला. पहाटेचे साडेपाच, गाडीत सहा बायकांचा माल, बर्फ वितळतोय. त्या दिवशी बाजारात कुणाचाच माल वेळेवर पोचला नाही. दुसऱ्या दिवशी बायकांनी उरणचा एक टेम्पो ठरवला. त्यांना तरी कसा दोष द्यायचा? मासळी कुणासाठी थांबत नाही. महिन्याभराने उलव्याचा एक माणूस येऊन भामाताईंची गाडी मातीमोलाने घेऊन गेला. आता त्या पनवेलच्या बाजारात बसून दुसऱ्यांच्या गिऱ्हाइकांना मासे कापून देतात. जाणं-येणं रिक्षाने.

मागची जागा रिकामी झाली तसं सोसायटीने तिथे पार्किंग आखलं आणि चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. मी नको म्हणायला हवं होतं. नीता तसं म्हणालीही. पण रस्त्यावर उन्हात आमच्या गाडीचा रंग उडतो, मागे इमारतीची सावली असते, आणि चिठ्ठी तर रीतसर निघाली होती.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही लोणावळ्याहून परत आलो. गाडी धुळीने माखली होती. मी बादली भरली, पाइप जोडला. भामाताई बाजारातून परतत होत्या, हातात कोयता आणि पिशवी. मला वाटलं, न बघता जातील, तसंच जायच्या. पण त्या थांबल्या. जवळ आल्या, पिशवी खाली ठेवली आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. सवयीचा हात, तोच.

"तापलीय," त्या म्हणाल्या. "आत्ता पानी मारू नका. थंड होऊ द्या."

आणि घरात गेल्या.

मी पाइप बंद केला आणि त्यांच्या पायरीवर बसून राहिलो. तास झाला, दोन तास झाले. कुणी घड्याळ घेऊन आलं नाही. माझ्याकडे सबंध दुपार होती.