कालची गोळी

माझ्या आईला आमच्या बाजारातल्या औषधवाल्याने फसवलं. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी त्याने बदलली, आणि तीच आहे असं मला तोंडावर सांगितलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाडीत अजून वेगळीच गोष्ट चालते.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मालवणच्या किनाऱ्याला माझा नारळाचा आणि कोकमाच्या सोलांचा धंदा नुकता कुठे उभा राहत होता. डोक्यावरून पाटी वाहण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी. नारळ कानाशी हलवून पाणी किती ते ओळखायचो आणि घासाघीस केल्याशिवाय मीठही घ्यायचो नाही. ही विद्या आईची. ती दारात बसली की मासेवाली आधी पाटी उतरवायची नाही, देवाचं नाव घ्यायची. फक्त औषधाच्या दुकानात मी कधी तोंड उघडलं नाही. तिथे कागद पुढे करायचा आणि मिळेल ते घ्यायचं, एवढंच मला माहीत.

आईला साखरेचा आजार. कुडाळच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली होती, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी घ्यायची. आईचे उपास पुष्कळ, म्हणून त्यांनी बजावलं होतं, "जेवण नाही तर गोळी नाही." आई ते काटेकोर पाळायची. कित्येक सोमवार, कित्येक एकादश्या गेल्या, काही झालं नाही.

त्या पावसाळ्यात औषधवाल्याने दुसरंच पाकीट पुढे केलं.

"जुनी खंय?" मी विचारलं.

"ती येवची बंद झाली. ही साखरेचीच आसा. तीच समज, फकत नाव येगळा. दिवसाक एकच घेवची, म्हातारेक बरी."

पाकिटावर धूळ होती. माल न खपता अंगावर पडला की दुकानदार काय करतो, हे मला कोणी शिकवायला नको. पण मी पैसे मोजून पाकीट घेतलं, कारण दुकान औषधाचं होतं.

आई खूष झाली. एकदाच घ्यायची, मग विसरायला मोकळी. पण श्रावण लागला आणि घरात काहीतरी बिघडत चाललं. पहाटे तिचं पातळ घामाने भिजलेलं असायचं. खोबरं खवताना हात थरथरायचा. एका सोमवारी दुपारी ती परसात माडाला हात टेकून उभी दिसली. कशाला आले तेच आठवत नाही म्हणाली. मग हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

हरताळका आली. वडील हयात, त्यामुळे तो उपास ती पाण्याचा थेंबही न घेता करायची. सकाळी मी विचारलं, "आये, गोळी?"

"उपासाक गोळी खंयची? आज माज्या आंगात औषध नाय, काय नाय. आज मी सोवळी."

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. आमच्याकडे गणपतीला नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कोणी खात नाही, आणि नैवेद्य भटजी आल्याशिवाय होत नाही. भटजी एकच, घरोघर फिरणारे. आमचं घर वाडीच्या टोकाला, त्यामुळे पाळी शेवटची. फळं-पानं टांगलेल्या माटवीखाली गणपती बसलेला, मोदक झाकून ठेवलेले, आणि आई दोन्ही दिवस गोळीशिवाय आणि अन्नाशिवाय.

दुपार कलली तरी भटजींचा पत्ता नव्हता. आई गणपतीसमोर बसली होती. तिच्या कपाळावर घाम आला, मग मान हलायला लागली, मग सगळं अंग. तोंडातून शब्द येत होते, पण एकही पुरा नाही.

काकीने तिला पाहिलं आणि हात जोडले. "अवसर इलो! देवी आंगात इली!"

शेजारच्या बायका धावत आल्या. कोणी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, कोणी ओटी भरायला तांदूळ आणले. काकी विचारत होती, "बोल आवशी, काय चुकला आमचा? काय व्हया तुका?"

"बाजूक व्हा!" मी ओरडलो. "ती आजारी आसा!"

"गप रव रे! देवीवांगडा अशी भाषा?"

आईचे डोळे माझ्यावर होते आणि त्यांत मी नव्हतो.

तेवढ्यात भटजी आले. त्यांनी एक नजर टाकली आणि पळीने पंचामृत तिच्या ओठांत सोडलं. मध आणि साखर पोटात गेली. हळूहळू थरथर थांबली. आई उठून बसली, भोवतालची गर्दी बघून लाजली आणि पदर सारखा केला. "देव पावलो," सगळे म्हणाले. तिला डॉक्टरांकडे न्यायला मी टेम्पो काढायला निघालो, तर तिनेच माझा हात धरला. "खंय जातंस? सणाच्या दिवशी उपाशी? आधी जेव." ती स्वतः माझ्या शेजारी बसून जेवली.

संध्याकाळी आरती चालू असताना ती भिंतीला टेकली आणि घसरत खाली आली. झांजा वाजतच होत्या. या वेळी तोंडात घातलेली साखर गालावरून बाहेर आली.

नारळाच्या टेम्पोत गोणपाटावर निजवून तिला कुडाळला नेलं. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज सुरू केलं, मग पाकीट मागितलं. ते वाचून त्यांनी चष्मा काढला.

"ही कोणी दिली?"

मी सांगितलं. "पण तिने काल घेतली नाही, आज घेतली नाही. मग आत औषध कुठून आलं?"

"परवाची आहे. आणि त्याआधीचीही," डॉक्टर म्हणाले. "मी दिलेली गोळी यकृत मोडून टाकतं, बारा तासांत तिचा जोर संपतो. हिचं तसं नाही. हिचा बराच भाग मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकावा लागतो, तेही हळूहळू. दीड-दोन दिवसांत निम्मी जाते, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्याची निम्मी. तुमच्या आईची मूत्रपिंडं या वयात मंदावलेली, म्हणजे त्याहून उशीर. त्यात रोज नवीन गोळी."

माझ्या डोळ्यांपुढे माझी वखार आली. रोज एक गोणी आत, अर्धीच बाहेर. गिऱ्हाइकाला दार बंद दिसतं, त्याला वाटतं आत काही नाही. आणि आत माल छताला लागलेला.

"साखर दिली की ती वर येईल," ते म्हणाले. "पण साखर लवकर संपते आणि गोळी मागे राहते. रक्त स्वच्छ होईपर्यंत ती परत परत खाली जाणार."

तसंच झालं. ती डोळे उघडायची, माझं नाव घ्यायची, मला बरं वाटायचं. मग बोलता बोलता वाक्य तुटायचं आणि हात गार पडायचा. बाटलीतला थेंब आणि तिचा श्वास बघत मी बाकड्यावर बसून राहिलो. कोणाशी भाव करणार? तिच्या रक्तातल्या त्या औषधाला निघण्याची घाई नव्हती.

आई वाचली. पण साखरेविना राहिलेल्या मेंदूने मार खाल्ला होता; ती पुरी परत आली नाही. आता मासेवाली दारात आली की आई पाटीत न बघता पैशांची पुरचुंडीच तिच्या हातात देते. "तुका व्हये ते घे गो," म्हणते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मासेवालीच रडली.

मी पाकीट घेऊन दुकानात गेलो. काउंटरवर मूठ आपटली तशी काच तडकली. तो गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला, "ह्या वयात उपास कित्याक करूचो? उपासान पडली ती." वाडीने तेच उचललं. देवीला ओरडलो म्हणून माझ्यावर खापर, उपास केला म्हणून आईवर. काच मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी बदलली.

तिने उपास जन्मभर केले आणि जुन्या गोळीवर एकदाही पडली नाही. डॉक्टरांचा कागद, औषधवाल्या, तुझ्या हातात होता. त्यावरची गोळी तू कोणाला विचारून बदललीस? वेगळी आहे, अंगात रेंगाळते, उपास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, एवढं सांगायला तुझं काय जात होतं? माहीत नव्हतं म्हणशील, तर तीच आहे असं कशावरून म्हणालास? देवीला विचारून झालं, आईला आता विचारता येत नाही. उत्तर तुझ्याकडे आहे. दुकानातून बाहेर ये आणि चारचौघांत दे.