दुसऱ्या गाण्यातली गिटार

राखीच्या दुसऱ्या दिवशी रामाकोन्याला धनराजकडे गेलो होतो. तिथं एका जुन्या इंग्रजी रॉक बँडच्या अल्बमवरून जो घोळ सुरू झाला, तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही...

बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर खाली कमेंटमध्ये तेच भांडण लागेल, जे धनराज आणि मी नागपूरच्या हॉस्टेलपासून करत आलोय.

धनराज माझा तेव्हाचा रूममेट. आता तो संत्र्याचा बगीचा बघतो, मी पांढुर्ण्यात मास्तर आहे. त्या बँडचा एक संथ, हळुवार अल्बम आहे. त्याच्या मते तो त्यांचा सगळ्यात भारी, माझ्या मते बँड थकला होता आणि लोकांना झोपवत होता. यावरून आम्ही हॉस्टेलात एकदा दोन दिवस बोललो नव्हतो.

त्या दिवशी माझी मुलगी ऋचा सोबत होती. तिनं मोबाईल स्पीकरला जोडून तोच अल्बम लावला, नेटवरची नवी, साफ करून काढलेली कॉपी. दुसरं गाणं संपलं आणि धनराज म्हणाला, "याच्यात काही दम नाही बे. तूच बरोबर होता."

इतक्या वर्षांनी मी जिंकलो होतो, पण आनंद काही होईना. कारण गेल्या काही महिन्यांत शाळेत जाता-येता ऐकून ऐकून मला तो अल्बम चक्क आवडायला लागला होता... आणि हे त्याला सांगावं म्हणूनच मी लावायला सांगितला होता.

"काहून, काय झालं?" मी विचारलं.

"मागून ते बारीक गिटार वाजत होती ना, तेच तर जान होती. नव्या कॉपीत काढून टाकली त्यायनं."

मी चक्रावलो. मला तर गिटार ऐकू आली होती. पण तो इतक्या खात्रीनं बोलत होता, की मला माझीच शंका यायला लागली... आपण जुन्या आठवणीतली गिटार ऐकतोय की काय?

घरी येऊन नेटवर वाचत बसलो. एक म्हणतो, नवीन कॉपी एकदम स्वच्छ आहे. दुसरा म्हणतो, जीवच काढून घेतला. तिसऱ्याला ड्रम जास्त वाटतात, चौथ्याला कमी. सगळे एकच अल्बम ऐकतायत, यावर विश्वास बसेना.

शेवटी माळ्यावरून हॉस्टेलमधली ओरिजिनल कॅसेट काढली. टेपरेकॉर्डर शेजाऱ्यांकडे मिळाला. पुढच्या रविवारी दोन्ही घेऊन, ऋचाला घेऊन, परत रामाकोना.

कॅसेट लावली. दुसरं गाणं आलं, आणि गिटार होती... अगदी पहिल्यापासून होती. मी धनराजकडे पाहिलं. तो टेपजवळ वाकून बसला होता, भुवया आवळून.

"पाह्य, याच्यातूनही गेली," तो म्हणाला. "कॅसेट घासली."

ऋचानं माझ्या बाहीला धरून ओढलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, काकांना ती ऐकूच येत नाहीये."

एकेक गोष्ट मग आठवायला लागली. फोनवर नुसतं "हाव, हाव" करून ठेवून देणं. लग्नकार्यात मी काही विचारलं की हसून दुसरीकडे बघणं. मला वाटायचं, गडी बदलला, आता मास्तरशी बोलायला वेळ नाही. मी मनात चांगला राग धरून होतो.

त्या दिवशी तसाच परत आलो. दोन दिवसांनी फोन केला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, तुला ऐकू कमी येतंय. तो चिडला. "मी काही बहिरा नाही झालो," म्हणाला आणि फोन कापला. आपण बोललो ते बरोबर की चूक, हे मला आठ दिवस कळत नव्हतं.

मग त्याचाच फोन आला.

"विहिरीवरच्या बाभळीत सुगरणी आहेत. सकाळी जाऊन उभा राहिलो. पाखरं दिसून राहिली, घरटे दिसून राहिले... आवाज नाही. बायको म्हणे, कल्ला चालू आहे." थोडं थांबून म्हणाला, "नागपूरले येशीन का सोबत?"

गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक आवाज जवळपास गेलेत, जाडे शाबूत आहेत. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरवर फवारणी करताना कानाशी मशीनचा आवाज असायचा, त्यानं असू शकतं म्हणाले. दोन्ही कानांना ऐकायच्या मशीन लागल्या.

अल्बम ऐकवायची घाई मीच केली. हॉस्पिटलच्या बाहेर गाडीत बसून दुसरं गाणं लावलं. तो डोळे मिटून ऐकत होता. गाणं संपल्यावर त्यानं डोळे उघडले.

"आहे," म्हणाला. "पण तशी नाही. पत्र्यावर वाजवल्यासारखी लागून राहिली."

मला वाटलं होतं तो खूश होईल. त्यालाही तसंच वाटलं असावं. डॉक्टर म्हणाले होते की सवय व्हायला वेळ लागतो... पण बरं झालं की वाईट, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच ठरवता येत नव्हतं.

आता तो रोज थोडं थोडं ऐकतो आणि फोन करतो. कधी म्हणतो भंगार आहे, कधी म्हणतो आज जरा जमलं. अल्बम चांगला की वाईट, माझंही मत रोज बदलतंय.

पूर्वी तो या अल्बमबद्दल बोलायला लागला की मी मध्येच तोडायचो. हल्ली तोडत नाही. कालचा फोन पाऊण तास चालला... आणि मला इतकं काही सांगणारा तो अजून आहे, याचं मला फार बरं वाटलं.