बिबट्याच्या वासाबाबत माझा खुलासा

आमच्या इराचा बिबट्या माझ्यामुळे हुकला, हे विधान खोटे आहे.

तो माझ्या उपस्थितीत हुकला. या दोहोंतला फरक इथे अमेरिकेत, प्लेनोमधील एकाही मराठी कुटुंबाला कळत नाही. कारण गेले सात महिने प्रत्येक पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरचा पदार्थ आणायच्या जेवणाला, माझी सून मानसी ही हकीकत सांगते, माझा मुलगा निखिल तीत मीठमसाला घालतो आणि पंचावन्न वर्षे माझ्याशी संसार केलेली सुमती हसण्याच्या जागा येण्याआधीच हसते. मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. दर शनिवारी एका हातात श्रीखंडाची वाटी धरून खंडन करणे आता झेपत नाही. म्हणून खरे काय ते एकदाच लिहून ठेवतो.

केनियाच्या सहलीचा तो शेवटचा दिवस. सिंह पाहून झाले होते, हत्ती पाहून झाले होते, जिराफांसाठी तर आता कोणी मानसुद्धा वर करीत नव्हते (आणि जिराफ पाहायचा तर ती करावीच लागते!). दहा वर्षांच्या इराला, माझ्या नातीला, फक्त बिबट्या हवा होता. त्यासाठी तिने स्वतःच्या वाढदिवसाची पार्टी कॅन्सल केली होती.

"आजोबा, यू प्रॉमिस्ड," ती जीपमध्ये बसताना म्हणाली.

होय, मी शब्द दिला होता. तीन महिने प्लेनोच्या वाचनालयात बसून मी बिबट्याचा अभ्यास केला होता. तो एकटा राहतो. सिंह-तरसांनी हिसकावू नये म्हणून शिकार झाडावर ओढून नेतो. दुपारी फांदीवर पसरतो आणि लोंबणाऱ्या शेपटीमुळे सापडतो. आणि आपली हद्द दाखवण्यासाठी झुडपांवर तो जी खूण सोडतो, तिला ताज्या पॉपकॉर्नसारखा वास येतो! हे शेवटचे वाक्य मी रचले, असे मानसी सांगते. साफ चूक. आमचा चालक आणि वाटाड्या सायमन याने त्याला स्वतः दुजोरा दिला होता.

सकाळी नऊच्या सुमारास मला तो वास आला.

"थांबवा गाडी! बिबट्या!"

सायमनने गाडी थांबवली. समोर एक काटेरी झुडूप होते. आम्ही पाहिले. झुडपानेही आमच्याकडे पाहिले असावे. बाकी काही घडले नाही.

तेवढ्यात गाडीतला रेडिओ खरखरला आणि दुसऱ्या एका जीपचा निरोप आला. "बाबा, लेपर्ड दिसलाय," निखिल म्हणाला. "झाडावर आहे, शिकारीसकट. वीस मिनिटांवर. चला ना यार!"

"ऐकीव बिबट्यासाठी हातचा बिबट्या सोडायचा?" मी विचारले.

"हातचा कुठाय, बाबा? ते झुडूप आहे!"

मी सायमनला झुडपाला प्रदक्षिणा घालायला लावली. (तीन प्रदक्षिणा. निखिल सात सांगतो. तो आयटीत आहे, तरी मोजणीची ही अवस्था!) वास तसाच. शंभर हात पुढे गेलो, तरी तसाच. मागे आलो, तरी तसाच. अभ्यासू माणसाला यातून एकच निष्कर्ष काढता येतो, आणि तो मी काढला.

"बिबट्या आपल्याबरोबर चालतो आहे!"

मानसीने दोन्ही पाय सीटवर घेतले. आज ती हे नाकबूल करते. "बाबा, काचा लावू का?" असे तिनेच विचारले, हेही नाकबूल करते. आम्ही काचा लावल्या. वास वाढला!

"जवळ आला," मी म्हणालो.

सायमनने वरचे उघडे छप्पर ओढून घेतले. वास दुप्पट झाला. मी बोट वर केले आणि अत्यंत हळू आवाजात म्हणालो, "छपरावर आहे."

कोणी श्वास घेईना. इराने माझा हात घट्ट धरला. सायमन वाकून, काचेला गाल लावून वर पाहू लागला. बिचाऱ्याची पंधरा वर्षे जंगलात गेली होती, पण आमच्यासारखे कुटुंब त्याला प्रथमच भेटत असावे.

त्या शांततेत 'कुरुम' असा आवाज झाला.

सर्वांनी मागे पाहिले. सुमती मागच्या सीटवर डबा उघडून बसली होती. डब्यात साजूक तुपात परतलेल्या मक्याच्या लाह्या होत्या. प्लेनोहून आणलेल्या. खालच्या तापलेल्या पत्र्यावर डबा सकाळपासून छान शेकत होता.

"तू कधीपासून खाते आहेस?" मी विचारले.

"निघाल्यापासून. गोळी घ्यायची तर पोटात काही नको?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बिबट्यावर बोलत होता ना," ती म्हणाली. "मध्ये बोललेलं तुम्हाला कधी चाललंय?"

त्यानंतर सायमनने जी गाडी हाणली, तिला तोड नाही. पोहोचलो तेव्हा इतर गाड्या परत वळत होत्या. फांदीवर हरणाची अर्धी तंगडी लटकत होती. बिबट्या नुकताच उतरून गवतात गेला होता. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. बिबट्याला थांबायचे कारण नव्हते.

इरा रडली नाही. रडली असती, तर मी काही समजावले असते. ती फक्त त्या रिकाम्या फांदीकडे पाहत राहिली. हा प्रसंग मानसी पॉटलकला सांगत नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

गेल्या शनिवारी मात्र मानसीची हकीकत सांगून झाल्यावर इरा स्वतः माझ्याजवळ येऊन बसली.

"आजोबा, मी एटीन झाले की परत जाणार. तुम्ही पण या."

मी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. "मी तेव्हा नव्वदीचा असेन गं."

"इट्स ओके. तुमची जीप वेगळी असेल."

"अगं, पण तुझ्या जीपमध्ये कोणी जाणकार नको का?"

"आजोबा," ती शांतपणे म्हणाली, "दॅट्स व्हाय."

मी होकार दिला आहे. स्वतंत्र जीप, मी म्हणेन त्या झुडपापाशी थांबणार आणि आत माझे म्हणणे खोडून काढणारा एकही माणूस नाही! गेले आठ दिवस मला झोप नाही. दिवसभर भांडायचे कोणाशी?