जीप भरेपर्यंतची गोष्ट

तिसगावच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत बुरख्यातली एक आजी नातीला गोष्ट वाचून दाखवायची. अवघड शब्द आला की आवाज हळू करायची, पण थांबायची नाही.

माझा चार वर्षांचा मुलगा फार कमी बोलायचा. मी चित्रांची कार्डं पुढे धरली की मान फिरवायचा. आजीची गोष्ट मात्र कान देऊन ऐकायचा.

एकदा गोष्टीतला कोल्हा डोहात पडला. "सांग बरं, डोह म्हणजे काय?" मी मुलाला विचारलं.

आजीनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "थांब गं पोरी. कोल्ह्याला आधी भाईर तर निघू दे."

संध्याकाळी टँकरनं आमचा हौद भरला. मुलगा काठावरून वाकला. "आई, डोह. कोल्हा हाय का आत?"

कितीतरी दिवसांनी मी मोकळेपणानं हसले आणि कोल्हा शोधायला त्याच्याशेजारी वाकले.