तीन हिस्सेदारांचा डबा

आमच्या शेजारच्या काकांइतका विजेशी भांडलेला माणूस अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात सापडायचा नाही. नवं शतक नुकतंच लागलं होतं, भारनियमन रोजचंच, आणि काकूंना दमा. पावसाळ्यात धाप लागली की वाफेचं यंत्र ऐन वेळी बंद पडायचं. डोंबिवलीचा मुलगा म्हणायचा, "आईला घेऊन इकडे या." काका म्हणायचे, "हा सडा, हे मोकळ्या वाऱ्याचं पठार सोडून त्या खुराड्यात? शक्य नाही!" शेवटी बापलेकांत ठरलं, यंदा गणपतीत घरातली वीज टिकली तर राहायचं, नाहीतर सामान बांधायचं.

मग काका पेटलेच. छपरावर सोलर पॅनेल, परसात उंच खांबावर पवनचक्की, मागच्या पऱ्याच्या, म्हणजे ओहोळाच्या, पाण्यावर फिरणारं चाक. तिघांची वीज एकत्र करणारा कन्व्हर्टर त्यांनी फरसाणाच्या रिकाम्या डब्यात स्वतः जुळवला. पण गृहस्थ पडले निवृत्त तलाठी. जन्म गेला लोकांच्या वाटण्या बघण्यात. "तिघे हिस्सेदार. प्रत्येकाने सारखंच द्यायचं, उगाच तंटा नको," असं म्हणून त्यांनी डब्यातही तशीच तजवीज केली. परिणाम असा की आभाळ भरून ऊन गेलं, की बाकीचे दोघेही उन्हाइतकंच कमी द्यायचे, आणि पऱ्या धो धो वाहत असूनही दिवा मिणमिणायचा. मी म्हटलं, "काका, पऱ्याला देऊ द्या की जास्त!" तर म्हणाले, "आणि उद्या त्याने उन्हाच्या वाट्यावर दावा ठोकला म्हणजे?"

चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकूंची धाप वाढली, आणि यंत्र चालेना. तेव्हा मात्र काकांनी मुकाट्याने डबा उघडला आणि ती समान वाटणी मोडून टाकली. ज्याला जेवढं जमेल तेवढं तो देऊ लागला. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी वाडीभर अंधार झाला, तरी काकांचं मखर लखलखतच होतं. "राहा बाबा इथेच," गणपतीला आलेला मुलगा हसत म्हणाला. काका छाती काढून आत आले, तर काकू चुलीपाशी डोळे पुसत होत्या.

"अगो, रडतेस कशास? जिंकलो ना आपण!"

"तुम्ही जिंकलात हो," काकू म्हणाल्या. "मला नातवंडांत जायचं होतं. मला कुणी विचारलंच नाही."

 विसर्जनानंतर काकांनी स्वतःच्या हाताने तिन्ही तारा सोडवल्या.

डोंबिवलीहून त्यांचा फोन येतो. आधी सड्यावरच्या वाऱ्याची चौकशी करतात, मग माझी. मागे काकू नातवंडांशी मोठमोठ्याने हसत असतात, तो आवाज आला की काका म्हणतात, "बरं, ठेवतो रे," आणि तरीही बराच वेळ फोन ठेवत नाहीत.