कुंचीतलं वाघनख

नातवासाठी मी कुंची गावीच शिवली होती. वाघनख तिच्या गळ्याशी अस्तरात घालून वरून चार आडवे टाके घातले. लेकरू दचकू नये, दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे ते बाळाच्या अंगावर असतंच. सासरे तरुणपणी संस्थानच्या शिकारीत रान उठवायला जात, तेव्हा त्यांना ते बक्षीस मिळालं होतं. माझ्या मुलाच्या गळ्यातही तेच होतं.

वनखात्याची माणसं मध्यंतरी गावात येऊन सांगून गेली होती, की ज्यांच्या घरात जुनी कातडी, शिंगं, नखं असतील त्यांनी मुदतीत नोंद करा. आम्ही गेलो नाही. एवढ्याशा नखाची कसली नोंद, असं वाटलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझी बहीण नाही का असंच नख घेऊन गेली अमेरिकेला लेकीकडे? कोण बघतंय!" त्यांची बहीण फार वर्षांपूर्वी गेली होती, हे मी लक्षात घेतलं नाही. तरी मनात धाकधूक असणार, नाहीतर मी ते अस्तरात कशाला शिवलं असतं?

विमानात एक फॉर्म दिला. मला मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. शेजारच्या मुलीने भराभर खुणा केल्या आणि म्हणाली, "मावशी, इथे सही करा." मी केली.

अमेरिकेत मुलाकडे श्रूजबरीला आल्यावर आठवड्याने सुनेने बाळाचे कपडे धुतले. ड्रायरमध्ये टक् टक् वाजायला लागलं.

"आई, या कुंचीत काय आहे हो? बटण आहे का?"

तिने टाके उसवले आणि नख हातात घेऊन हसली. "अरे वा, टायगर!" मुलगा मात्र हसला नाही.

"आई, हे खरं आहे?"

"खोटं कशाला असेल? आजोबांचं आहे तुझ्या."

तो लगेच कॉम्प्युटरवर बसला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. "जुनं असलं तरी पेपर्स लागतात. वाघाचं तर आणताच येत नाही, आणि रूल्स आता आणखी स्ट्रिक्ट झालेत. शिवाय फॉर्मवर प्राण्याचं काही आणलेलं नाही असं लिहून तू सही केलीस." मग हळूच म्हणाला, "आमचं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे गं, आई."

त्या दिवसापासून बेल वाजली की मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत जायची. एकदा मी म्हटलं, "तळ्यात टाकून देऊ का?" सून म्हणाली, "आणि कोणाला सापडलं म्हणजे? त्यापेक्षा मीच गळ्यात घालून ऑफिसला जाते!" ती मला हसवायला बघत होती. मला हसू आलं नाही.

मुलाने वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, बॉस्टनला वन्यप्राण्यांच्या खात्याचं ऑफिस आहे, तिथे आपणहून नेऊन द्या. बॉस्टनला जाताना गाडीत मुलगा म्हणाला, "त्यांनी विचारलं तर सांग, आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. जुनीच कुंची होती."

मी मान हलवली.

ऑफिसात एक उंच साहेब होता, आवाजाने मऊ. त्याने नख उलटसुलट पाहिलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मुलगा म्हणाला, "आई, विचारतायत, हे आत कोणी ठेवलं?"

परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नाही. पण मांडीवर कुंची होती आणि टाके माझ्या हातचे होते. मी म्हटलं, "मीच शिवलं. कोणी बघू नये म्हणून शिवलं. याला माहीत नव्हतं, सुनेलाही नव्हतं."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मग इंग्रजीत बोलला. थोडंच बोलला. त्याने काय सांगितलं ते मला कळलं नाही. साहेबाने लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मी पेन उचललं नाही. "आधी वाचून दाखव. सगळं."

त्याने बोट ठेवून एकेक ओळ मराठीत सांगितली. मी स्वतः शिवलं, लपवण्यासाठी शिवलं, मुलाला माहीत नव्हतं. नख परत मिळणार नाही. पुढचं पत्राने कळेल. मग मी सही केली.

परतताना गाडीत तो घर जवळ आल्यावर म्हणाला, "मी इंग्रजीत खोटंच सांगणार होतो. तू खरं बोललीस, मग जमेना."

पत्र अजून आलेलं नाही. दुपारी पोस्टाची गाडी कोपऱ्यावर वळली की मी खिडकीशी जाते. सून पत्रांच्या डब्यातून कागद घेऊन येते आणि लांबूनच मान हलवते, नाही म्हणून. आत बाळ झोपेत दचकतं. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसते, पुढची गाडी येईपर्यंत.